नोकरीतील मनस्ताप : सोसावयाचा की सांगावयाचा?

आपल्या समाजात घरातील एकास नोकरी लागली म्हणजे साऱ्या घराचे पांग फिटले असे मानण्यात येते, आणि ते बव्हंशी खरेही आहे. ज्या घरात आजोबांनी सालदारकी केली, बापाने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, त्या घरातील मुलगा पदवी घेऊन सरकारी कचेरीत टेबलाशी बसतो, ही सामान्य गोष्ट नव्हे. म्हणूनच त्या टेबलाशी बसून त्याच्या मनाचे काय होते हे विचारण्याचे धैर्य कोणास होत नाही. बापास होत नाही, पत्नीस होत नाही आणि पुष्कळदा त्याचे त्यालाही होत नाही. विषय नाजूक आहे. परंतु न्यायालयाच्या पायऱ्या वीस वर्षे चढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, जे दुःख वेळेवर बोलले जात नाही ते पुढे पंचनाम्याच्या कागदावर येते. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यात कळमनुरी तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलास घेऊन हिंगोलीस माझ्याकडे आले. मुलगा तिशीतला, एका कचेरीत लिपिक. घराण्यात पगाराची नोकरी करणारा तो पहिला. दोन वर्षांपूर्वी या कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बापलेक खुर्चीवर बसले तरी पाच मिनिटे कोणी बोलेना. शेवटी वडील म्हणाले, "साहेब, तेवढं ह्याला समजावून सांगा. राजीनामा लिहून खिशात घेऊन हिंडतोय. घरात पहिल्यांदा पगार आला, अन् हा म्हणतो नको."

मी मुलास कारण विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "काही नाही सर. मलाच काम जमत नाही."

वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. छळ सोसणारा मनुष्य फिर्यादी म्हणून येत नाही; तो आरोपी म्हणून येतो, आणि गुन्हा आधीच कबूल करून बसलेला असतो. उलटतपासणी हा आमचा धंदा असल्यामुळे मी त्यास तासभर प्रश्न विचारले, तेव्हा निराळीच हकीकत बाहेर आली. त्याच्या शेजारचे पद चौदा महिन्यांपासून रिक्त होते आणि त्या टेबलाचे काम त्याच्याकडे आले होते. ते त्यास कोणत्याही आदेशाने दिलेले नव्हते. साहेबांनी जाता जाता "ते पण तूच बघ" एवढे म्हटले होते. त्यावर मतदार यादीचे काम. एखादे प्रकरण राहिले की कारणे दाखवा नोटीस मात्र लेखी यावयाची. व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री अकरा वाजता प्रलंबित प्रकरणांची यादी पडे आणि तीत एकट्याचेच नाव लाल अक्षरांत असे. रजा मागितली तर "आधी काम संपव". सहकारी चहास जाताना त्यास हाक मारीत नसत. सकाळी कचेरी जवळ आली की त्याच्या छातीत धडधड सुरू होई, म्हणून तो एक थांबा अगोदर उतरे आणि पाणपोईजवळ दहा मिनिटे बसून मग पुढे जाई. झोप तीन तासांवर आली होती. आणि सर्वांत खोल रुतलेला काटा निराळाच होता. दीक्षेची वार्ता कळल्यावर एका सहकाऱ्याने हसत हसत विचारले होते, "आता तुम्ही बौद्ध झालात, मग तो दाखला कसा चालतो?" तेव्हापासून आपली नोकरीच जाणार, अशा भीतीने तो रात्री उठून जातवैधता प्रमाणपत्राची प्रत काढून पाहत असे.

हा शेवटचा काटा प्रथम काढू, कारण तो या पत्राच्या अनेक वाचकांच्या घरात रुतलेला असण्याचा संभव आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात प्रारंभी केवळ हिंदू धर्मीयांचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ज्याची मूळ जात अनुसूचित यादीत आहे, त्याने बौद्ध धम्म स्वीकारला म्हणून त्याचे अनुसूचित जातीचे स्थान जात नाही. केंद्रातही नाही आणि महाराष्ट्रातही नाही. हा संसदेने केलेला कायदा आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. १९५६ साली नागपुरास ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांना केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. आज दीक्षा घेणाऱ्यांना ती पाहावी लागत नाही. हे त्या मुलास कोणी सांगितले नव्हते. दीक्षेच्या मंडपात बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी तेवीसावी गोष्ट म्हणून दाखल्याचा कायदाही समजावून दिला असता, तर एका मनुष्याच्या दोन वर्षांच्या रात्री वाचल्या असत्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असल्या मनुष्यास आपण काय सांगतो? "मन खंबीर कर." "सगळीकडे असंच असतं." "बाबासाहेबांनी केवढं सोसलं, तुला एवढंही सोसवत नाही?" यांतील शेवटचे वाक्य मला विशेष खटकते, कारण ते इतिहासाला धरून नाही.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले सव्वीस वर्षांचे डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकीत आणि कचेरीत त्यांस प्यावयास पाणी मिळेना, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. शहरात राहण्यास जागा मिळेना; पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी तेथूनही हुसकले. त्या नोकरीत बाबासाहेब टिकले नाहीत. ते सोडून आले. त्यांचे मन दुबळे होते, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? ती कचेरीच अशी रचलेली होती की तेथे त्यांच्यासारख्या मनुष्यास काम करता येऊ नये. पुढे मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाल्यावरही सहप्राध्यापकांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतलीच. बाबासाहेबांनी सोसले हे खरे. पण सोसणे हा उपाय आहे असे त्यांनी कधीही सांगितले नाही. त्यांनी नियम बदलले.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितल्याचे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच भाषणातील एक बारीक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अस्पृश्य मनुष्य रेल्वेत जन्मभर गँगमनच राहतो, त्यास पोर्टरची जागा मिळत नाही. कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरकामही करून घेतो आणि अस्पृश्यास घरात घेता येत नाही, हे त्यांनी तेथे मांडले. पाहा, दुःखाचे कारण कोठे शोधले! गँगमनच्या मनात नव्हे, तर पोर्टरच्या कामाची व्याख्या कोठेच आखलेली नाही, या गोष्टीत. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते आमच्या लोकांस बंद होते, कारण धोट्यातील सूत तुटले की ते तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. तेथेही बाबासाहेबांनी कामगारास धीर धरावयास सांगितले नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी त्यांनी त्या खात्याचा प्रश्न मांडला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सहा तासांची विश्रांती कायद्याने मिळाली, उपदेशाने नव्हे.

आज जगातील तज्ज्ञही याच दिशेने बोलू लागले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा तिचा अंदाज आहे. कारणांत कामाचा अतिरिक्त बोजा, आपल्या कामावर आपले काहीच नियंत्रण नसणे, अपमान व भेदभाव यांचा समावेश आहे. म्हणजे व्यक्तीस शहाणे करण्याआधी कामाची रचना शहाणी करावी, असा त्याचा मथितार्थ. वर्षातून एक दिवस कचेरीत व्याख्याता बोलावून "ताणतणावाचे व्यवस्थापन" या विषयावर तास घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन टेबले एकाच्या डोक्यावर ठेवावयाची, याला मी उपाय म्हणत नाही. ध्यानधारणेविषयी माझ्या मनात आदर आहे; मी स्वतः सकाळी थोडा वेळ आनापान करतो. पण आनापानाने कामवाटपाचा आदेश निघत नाही.

आमच्याच जिल्ह्यात याचा धडा मिळालेला आहे. हिंगोली, वसमत व कळमनुरी येथे एस. टी. चे आगार आहेत आणि आपल्या समाजातील पुष्कळ तरुण चालक, वाहक व यांत्रिक म्हणून तेथे राबतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत राज्यभर एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. वेतन कमी, तेही वेळेवर नाही, करोनाच्या काळात महिनोन्‌महिने थकलेले. आणि त्या दिवसांत राज्यात कित्येक कर्मचाऱ्यांनी आपले जीवन संपविले. विलीनीकरणाच्या मागणीविषयी मतभेद असू शकतील. परंतु ज्या वाहकाच्या घरी दुधाचे बिल थकले आहे, त्यास मनःशांतीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. त्याच्या मनाचे औषध सात तारखेस खात्यावर जमा होणारा पगार हेच होते. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्यास सांगितले, लोक परतले. संपाच्या महिन्यांत ज्या घरांतील माणूस गेला, ती घरे तशीच राहिली.

आशा कार्यकर्तींची गोष्ट याहून विचित्र आहे. शेतकरी आत्महत्या थांबाव्यात म्हणून शासनाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' चालविला. आपला जिल्हा त्यांत आहे. घरोघर जाऊन कोण निराश आहे, कोणास झोप येत नाही, याची विचारपूस आशाताई करतात. चांगली गोष्ट आहे. पण जिला वेतनाऐवजी मोबदला मिळतो, जी आपल्या मागण्यांसाठी २०२३ व २०२४ मध्ये संपावर गेली, त्या आशाताईस झोप येते काय, हे विचारणारा तक्ता मात्र कोठे छापलेला नाही.

बरे, मग करावयाचे काय? वकील या नात्याने मला जे ठाऊक आहे ते सांगतो.

छळाचे पहिले हत्यार म्हणजे तोंडी आदेश. तोंडी आदेशास साक्षीदार नसतो. काम झाले तर ते साहेबांचे, बिघडले तर लिपिकाचे. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, सनदी सेवकांनी तोंडी आदेशावर चालू नये, आदेशाची लेखी नोंद असावी. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतही तोंडी आदेश टाळावेत आणि दिलाच तर तो लगेच लेखी कायम करावा, असे आहे. सनदी अधिकाऱ्यांस जे संरक्षण लागते, ते लिपिकास अधिकच लागते. म्हणून तोंडी काम मिळाले की त्याच दिवशी दोन ओळींची टिपणी ठेवावी : "आज आपण तोंडी दिलेल्या निर्देशानुसार अमुक टेबलाचे काम मजकडे घेत आहे, कृपया कामवाटपाचा आदेश व्हावा." भाषा नम्र, स्वर शांत, आणि आवक क्रमांक घेतलेला. या दोन ओळींनी जादू होत नाही. पण रात्रीचा एक विचार कमी होतो, कारण खरे काय घडले ते आता कागदावर असते.

दुसरी भीती गोपनीय अहवालाची. पूर्वी शेरा कपाटात असे आणि पदोन्नती हुकल्यावर कळे. २००८ च्या देव दत्त यांच्या निकालापासून वार्षिक अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती बरी असो वा वाईट, कर्मचाऱ्यास कळविणे बंधनकारक ठरले आहे. ती मागून घ्यावी, आणि अन्यायाची वाटली तर मुदतीत अभिवेदन द्यावे. तिसरी भीती निलंबनाची. २०१५ च्या अजय कुमार चौधरी यांच्या निकालानुसार तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. ज्यास हे ठाऊक असते त्यास निलंबन गोड वाटू लागते असे नव्हे. परंतु भयास किती फूट लांबी-रुंदी आहे हे कळले, म्हणजे त्याचे ओझे उचलता येते.

जातीवरून अपमान झाल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीने तो अधिक व्यापक झाला. तथापि वाचकांस खोटा धीर देणे माझ्या व्यवसायास शोभणार नाही. जातीवाचक अपमान या कलमासाठी तो लोकांच्या दृष्टीस किंवा कानी पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. हितेश वर्मा यांच्या २०२० च्या निकालात न्यायालयाने चार भिंतींच्या आतील शब्द त्यात बसत नाहीत असे म्हटले. ३१ जानेवारी २०२५ रोजी तामिळनाडूतील एका महसूल निरीक्षकाच्या प्रकरणातही हाच न्याय लागला. त्यांच्या कचेरीतच अपमान झाल्याचा आरोप होता. सहकारी मागाहून आले, म्हणून ते प्रकरण रद्द झाले. साहेबांच्या दालनाचे दार बंद असते, ही गोष्ट साहेबांस आपल्याहून आधी समजलेली असते. म्हणून बोलावणे आल्यास शक्य तर एखाद्या सहकाऱ्यासमवेत जावे, आणि तसे जमले नाही तर बाहेर येताच तारीख, वेळ व शब्द वहीत लिहून ठेवावेत. स्त्री कर्मचाऱ्यांसाठी २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आणि जिल्ह्यास स्थानिक समिती बंधनकारक केली आहे. आपल्या कचेरीतील समितीच्या अध्यक्षा कोण, हे ज्या भगिनींस ठाऊक नसेल त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर पहिली चौकशी ती करावी.

आणि मनुष्य गेल्यानंतर? तेव्हा नातेवाईक चिठ्ठी घेऊन पोलिसांकडे येतात. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा सिद्ध होणे किती कठीण आहे, हे त्यांस मी पुष्कळदा सांगितले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये निपुण अनेजा यांच्या प्रकरणात एका कंपनीतील वरिष्ठांविरुद्धचा असाच खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला; कामावरील अपमान आणि मृत्यू यांत कायद्यास हवा तसा दुवा त्यास आढळला नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपविले आणि सारा महाराष्ट्र हळहळला. आदिवासी घरातून आलेली ती निवासी डॉक्टर, वरिष्ठांकडून छळ होतो हे तिने घरी सांगितले होते. त्या खटल्याचा निर्णय न्यायालय करील. परंतु जिवंतपणी केलेल्या तक्रारीचे मोल मृत्यूनंतरच्या फिर्यादीस कधीही येत नाही.

आता डॉक्टरांविषयी. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड्यात निघणे, ही समजूत आपण जुन्या धर्माबरोबर सोडावयास हवी होती. ती आपण बरोबर घेऊन आलो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने शासकीय रुग्णालयात मानसोपचार मिळणे हा हक्क केला आहे, आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे आणि विम्यात शरीराचा आजार व मनाचा आजार असा भेद करण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिले नाही. पोलिसांच्या भयाने असा प्रसंग लपवून ठेवणाऱ्या घरांनी हे जाणून घ्यावे आणि रुग्णास आधी रुग्णालयात न्यावे. शासनाची टेली मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

"आजार कळला तर नोकरी जाईल" ही शंका विशेषतः गणवेशातील बांधवांस असते. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे तेथील कुटुंबांकडून ती माझ्या कानी येते. त्यांच्यासाठी रवींदर कुमार धारीवाल यांचा १७ डिसेंबर २०२१ चा निकाल सांगतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील या अधिकाऱ्यास मनोविकार होता आणि त्याच्यावर शिस्तभंगाच्या चौकशा चालू होत्या. आजारातून उद्भवलेल्या वर्तनाबद्दल अशी चौकशी चालविणे हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, ती कारवाई रद्द केली आणि तो मूळ कामास योग्य नसल्यास वेतन राखून दुसरे काम द्यावे असे सांगितले. ज्याने आजार लपविला त्यास हे संरक्षण मिळणार कसे?

येथवर मी शासनास आणि साहेबांस बोललो. आता थोडे आपल्या स्वतःच्या माणसांस बोलतो. आपल्यातील कित्येक जण आज स्वतः साहेब आहेत. त्यांच्यापैकी काही, आपल्यावर पक्षपाताचा आळ येऊ नये म्हणून, आपल्याच कनिष्ठांशी दुप्पट कडक वागतात. हा आळ टाळण्याचा मार्ग नव्हे. ही भित्र्याची शिस्त आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त ज्यांनी वाचले आहे त्यांस ठाऊक असेल की, राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या तरुण गृहस्थास भगवान बुद्धांनी सहा दिशांचा अर्थ सांगितला, आणि त्यांत खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार. मालकाने त्यांस त्यांच्या शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच गोष्टींत कामवाटपाचा आदेश पहिला आहे आणि रजा शेवटची! सेवकाची कर्तव्येही तेथे आहेत. मालकाच्या आधी उठावे, नंतर निजावे इत्यादी. काही साहेबांस नेमका हाच भाग पाठ असतो.

घरच्यांसही एक सांगावयाचे आहे. पगाराच्या दिवशी मुलाकडून हिशेब घेणारा बाप, महिन्यातून एकदा तरी "तिथं तुझ्याशी कसं वागतात?" एवढे विचारील तर फार होईल. नोकरदार एकाएकी पिऊ लागला, मुलांवर हात उगारू लागला, जेवणाच्या ताटावरून उठू लागला, तर त्यास दोष देण्याआधी त्याच्या कचेरीची चौकशी करावी. सून नोकरीस असेल तर ती कचेरीतून येऊन पुन्हा चुलीच्या कचेरीत रुजू होते, हेही घराने पाहावे. बुद्धविहारात दर रविवारी वंदना होते. वंदनेनंतर नोकरदारांनी पंधरा मिनिटे बसून एकमेकांच्या नोटिसा वाचल्या, तर वकिलाच्या फीचे पैसे वाचतील. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगत आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. राजीनामा मी माझ्या कपाटात ठेवून घेतला. तो मागील तारखांच्या नोंदींसह अभिवेदन लिहून बसला. त्याची प्रत वरिष्ठ कार्यालयास गेली. जिल्हा रुग्णालयात तो तीन वेळा गेला. कामवाटपाचा आदेश निघावयास दहा आठवडे लागले, आणि निघाला तेव्हाही दुसऱ्या टेबलाचे निम्मे काम त्याच्याकडेच राहिले. व्हॉट्सॲपवरील यादी अद्याप येते; मात्र आता त्याच्या उत्तरात रिक्त पदाचा क्रमांक असतो. झोप पाच तासांवर आली आहे, असे तो म्हणतो. सहकारी चहास बोलावीत नाहीत ते नाहीतच.

रजेच्या अर्जाच्या वेळी मात्र माझ्या कचेरीत अर्धा तास वाद झाला. वैद्यकीय प्रमाणपत्रात आजाराचे नाव असते आणि वडिलांचा आग्रह होता की "पोटदुखी" लिहून घ्यावे. गावात कळले तर धाकट्याचे लग्न अडेल. मी कायद्याचे कलम काढून दाखविले, गुप्ततेचा हक्क समजावून दिला. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, दोन वर्षं पोटच दुखतंय असं सांगत आलो ना." मग त्यांनी चष्मा पुसला आणि जे आहे ते लिहू दिले.